फरक

वाडीच्या चौदा नंबर गोदामात
खोक्याला नाव नसतं, चोवीस आकडे असतात.
तिळाएवढी चिप, भोवती चंदेरी रेघांची रांगोळी,
वरून चिकट कागद.
खोकं दारातून गेलं की दारच ओळखतं:
टिंग, बाहेर. टिंग, आत.
पाणी आणि लोखंड यांच्या आडचं त्याला दिसत नाही,
कापडाआडचं दिसतं.
मी पडद्यासमोर बसून
दाराचं म्हणणं खरं धरते. त्याचाच पगार आहे.

मे महिना. टिनाखाली कूलर नुसता गरम हवा ढकलतो.
माल ओआरएसचा:
अख्ख्या विदर्भाची तहान माझ्या रॅकवर,
संत्र्याच्या चवीत.

मोजणीला फरक आला. एक खोकं.
शेवटचे आकडे सात, सात, चार.
रॅकवर एक बिनटॅगचं खोकं मुकाट बसलेलं,
आणि सिस्टीममध्ये तेच खोकं हिंडत होतं.
पाठराबे सर म्हणाले, चोरी.
म्हटलं, चोर रोज सकाळी आणून ठेवतो का, सर?

बाहेर २१:४०
आत ०७:५२
बाहेर २२:०५
आत ०७:४९
बाहेर २१:५५
आत ०८:०१, हा रविवार
आणि मधेच एका दुपारी
बाहेर १३:०४
आत १३:३७

हातातला स्कॅनर घेऊन निघाले.
जवळ जावं तसा त्याचा टिकटिकाट वाढतो,
लपाछपीत पोरं ओरडतात ना, गरम, गरम, तसा.
डॉकच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे
एक सायकल. हँडलला कापडी थैली.
थैलीच्या बुडाला, भाजीच्या तेलाने पारदर्शक झालेला
सात, सात, चार.

"हाओ, मायीच थैली. काहून?"
झनकलाल उईके. लोडर. राहणार दवलामेटी.
खोकं उचलताना कधीतरी चिकटलं असेल.
मी तारखा वाचत गेले, तो मान हलवत गेला.
"अन् हे दुपारचं?"
"पोरीचा बारावीचा निकाल होता ना. नेट कॅफेत गेलतो."
"मग?"
"निंगाली," म्हणाला, आणि पुन्हा खोक्यांकडे वळला.

डोर्लीकर ठेकेदाराचं रजिस्टर माझ्याच कपाटात असतं.
निळी शाई, एका हाताची, एका बैठकीतली.
उईके झ.: आठ तास. आठ तास. आठ तास.
रविवार: रेघ.
निकालाच्या दिवशी: गैरहजर.
पहिल्यांदाच मला दोन खरी
शेजारी शेजारी मांडून बघायला मिळाली,
आणि त्यातलं एक खोटं होतं.

"फरक शून्य कर," सर म्हणाले.
सिस्टीम कारण विचारते. यादी उघडते:
टॅग फाटला. टॅग पडला. वाचनात चूक. इतर.
'इतर' निवडलं की पुढे लिहायला
तीस अक्षरांची जागा मिळते.
मी आधी प्रिंट काढली. दोन पानं.
त्याच्या हातात दिली, आकड्यांखाली बोट फिरवून दाखवलं,
चौदा, चौदा, साडेचौदा,
सिव्हिल लाइन्समधल्या कामगार ऑफिसचा पत्ता
मागच्या बाजूला लिहिला.

त्यानं पानं घडी करून खिशात ठेवली.
मग नखानं, न घाईनं,
थैलीवरचा टॅग सोलला आणि माझ्या टेबलावर चिकटवला.
"तासाचं तं ठीक हाय मॅडम.
पण मी कवा येतो, कुठं जातो,
हे त्या दाराले काहाले समजलं पायजे?"

मला उत्तर आलं नाही.
खोक्याला नवा टॅग लावला. यादीतून 'टॅग पडला' निवडलं.

सोमवारी सायकल नव्हती. मंगळवारीही नाही.
तो कामगार ऑफिसला गेला, की देवलापारला गावी,
की डोर्लीकरनंच येऊ नको म्हटलं,
दाराला माहीत नाही.
त्याच्या वहीत सात, सात, चारची
शेवटची ओळ अजून तीच आहे:
आत ०७:५०.